सीओपीडीच्या रुग्णाला घरी उपयोगी पडेल असे पत्रक कसे तयार करावे?

प्रश्न एका ग्रामीण रुग्णालयातील फिजिओथेरपिस्ट ताईंचा आहे. त्यांनी सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या दीर्घकालीन अडथळ्याच्या आजाराच्या रुग्णांसाठी बारा पानांची पुस्तिका इंग्रजी साहित्यावरून मराठीत आणली आहे. छपाई चांगली आहे आणि रुग्ण ती आदराने पिशवीत ठेवून घरी नेतात, परंतु पुढच्या भेटीत पंप, म्हणजे श्वासावाटे औषध घेण्याचा इनहेलर, पूर्वीच्याच चुकीच्या पद्धतीने घेताना दिसतात. अशा वेळी पुस्तिकेची भाषा आणखी सोपी करावी का, आणि करावयाची तर कशी, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, भाषा सोपी करावीच लागेल, पण ती पुढची पायरी आहे. त्याआधी पुस्तिकेतले कोणते पान रुग्णाला घरी नेमके काय करायला लावते, हे तपासावे. फुप्फुसाची रचना, आजाराची व्याख्या, कारणे, तपासण्या, औषधांचे वर्ग असा पाठ्यपुस्तकाचा क्रम ठेवला, तर शब्द कितीही सोपे असले तरी रुग्णाच्या हाती माहिती येते, कृती येत नाही. छातीच्या आजारांच्या रुग्णांसाठी साहित्य तयार करण्याचे आणि तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, आणि त्यावरून माझे मत असे झाले आहे की एका कागदावर एकच काम असावे. पंप कसा घ्यावा, त्रास वाढत असल्याचे कसे ओळखावे, धाप लागल्यावर श्वास कसा सोडावा, घरातला धूर कसा कमी करावा, आणि ज्यांना घरी ऑक्सिजन आहे त्यांनी तो कसा वापरावा, असे वेगवेगळे कागद करावेत आणि ज्या भेटीत ज्याची गरज असेल तोच हातात द्यावा.

वाचणारा कोण आहे, याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात सात वर्षांवरील सुमारे ८२ टक्के लोक साक्षर होते आणि स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ७६ टक्के होते, परंतु ही सर्व वयांची मिळून सरासरी आहे. आपल्या बाह्यरुग्ण विभागातील साठी ओलांडलेल्या आणि जन्मभर चुलीपुढे बसलेल्या आजींना ती लागू पडत नाही. शिवाय साक्षर म्हणून नोंद झालेला माणूसही धाप लागलेली असताना सलग चार ओळी वाचू शकत नाही. प्रत्यक्षात तुमचा कागद घरी कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवतो. बहुतेक वेळा तो शाळेत जाणारा नातू असतो, किंवा सून, किंवा दुपारी फेरीला आलेली आशा ताई. म्हणून मजकूर डोळ्यांपेक्षा कानांसाठी लिहावा. सहावीतल्या मुलाला अडखळल्याशिवाय वाचता येईल आणि पलीकडे खाटेवर बसलेल्या आजोबांना एकदा ऐकून करता येईल, ही कसोटी मला कोणत्याही सूत्रापेक्षा विश्वासार्ह वाटते. फ्लेश किंवा स्मॉग यांसारखी वाचनसुलभतेची सूत्रे इंग्रजीतील शब्दांच्या उच्चारखंडांवर आधारलेली आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय शब्दालाच जोडून येत असल्यामुळे ‘डॉक्टरांकडूनसुद्धा’ हा लांबलचक शब्द कोणालाही कळतो आणि ‘क्षमता’ हा छोटा शब्द अडतो. त्यामुळे ती सूत्रे इकडे आणून आकडेमोड करण्यात वेळ घालवू नये.

आता भाषेविषयी. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागे येतो. ‘औषध आत ओढून घेतल्यानंतर लगेच तोंडाने श्वास सोडू नये’ हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानावर आधी ‘लगेच तोंडाने श्वास सोडू’ एवढे पडते. शेवटचा ‘नये’ खोकल्यात किंवा घरातल्या गडबडीत हरवला, तर सूचना नेमकी उलटी होते. त्याऐवजी ‘औषध आत ओढले की तोंड मिटा. मनात एक ते दहा मोजा. मग श्वास सोडा’ असे लिहिले की नकाराची गरजच राहत नाही आणि सेकंदांचा हिशेबही सुटतो. जिथे मनाई करणे अटळ आहे, उदाहरणार्थ ऑक्सिजन चालू असताना विडी ओढण्याविषयी, तिथे ते वाक्य चार-पाच शब्दांचेच ठेवावे आणि स्वतंत्र ओळीत द्यावे. ‘करण्यात यावे’, ‘घेण्यात यावी’ ही कार्यालयीन रचना पूर्णपणे टाळावी, कारण तिच्यात करणारा कोण हेच कळत नाही. ‘आपण’ हा शब्दही पत्रकात अडचणीचा ठरतो. ‘आपण पंप घ्यावा’ यातला आपण म्हणजे रुग्ण, की वाचून दाखवणारा आणि रुग्ण दोघेही, असा घोळ होतो. ‘तुम्ही’ म्हणण्यात कोणताही अनादर नाही, आणि ‘घ्या’, ‘धरा’, ‘मोजा’ ही क्रियापदे रुग्णाशी थेट बोलतात.

तुमच्या पुस्तिकेतील एक वाक्य उदाहरणासाठी घेते: ‘रुग्णांनी श्वसनमार्ग रुंदावणाऱ्या औषधांचे सेवन लक्षणांची तीव्रता कमी झालेली असतानाही वैद्यकीय सल्ल्यानुसार नियमितपणे चालू ठेवणे आवश्यक आहे.’ यात चूक काहीच नाही, पण घरी ते कोणी वाचून दाखवले तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मी ते असे लिहीन: ‘पंप रोज घ्या. सकाळी चहाच्या आधी घ्या आणि रात्री जेवणाच्या आधी घ्या. बरे वाटते त्या दिवशीही घ्या.’ चहा आणि जेवण ही वेळ मी मुद्दाम धरली आहे, कारण ज्या पंपात स्टेरॉइड आहे तो घेतल्यावर तोंडात बुरशी होऊ नये म्हणून चूळ भरून पाणी थुंकायचे असते, आणि पाठोपाठ खाणेपिणे असले की तोंड आणखी स्वच्छ होते. अशी कारणे कागदावर लिहायची गरज नाही. ती क्रमातच बसवून टाकावीत.

कारण जिथे खरोखर द्यावे लागते ती जागा वेगळी आहे. ‘पंपाची सवय लागते’, ‘पंप म्हणजे शेवटचा उपाय’ या समजुती इतक्या घट्ट आहेत की त्यांना उत्तर न देता लिहिलेले पंपाचे पत्रक वाया जाते. रुग्ण तुमच्यासमोर मान डोलावतो आणि घरी जाऊन शेजाऱ्याचे ऐकतो. या समजुतीला नुसते ‘गैरसमज’ म्हणून खोडून काढण्यापेक्षा मापाची गोष्ट सांगितलेली अधिक पटते. श्वासनलिका रुंद करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाच्या पंपाच्या एका दाबात साधारणपणे १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्याच औषधाची लहान गोळी २ मिलिग्रॅमची, म्हणजे वीसपट असते. पत्रकात हे आकडे नकोत. ‘एका गोळीत जेवढे औषध असते त्यात पंपाचे वीस दाब होतील. पंपाचे औषध थोडे असते आणि थेट छातीत जाते’ एवढे पुरे. हे वाक्य ऐकल्यावर सुनेचा चेहरा बदलतो, कारण सासऱ्यांना ‘जड औषध’ दिले जात आहे अशी तिची खरी काळजी असते.

दाबाचा पंप आणि रोटाकॅप (औषधाची कोरडी पूड असलेली कॅप्सूल, जी यंत्रात टाकून श्वासाने आत ओढतात) यांच्या सूचना एकाच कागदावर कधीही छापू नयेत. दाबाच्या पंपातून औषध घेताना श्वास हळू आणि खोल ओढायचा असतो, तर रोटाकॅपची पूड आत जाण्यासाठी तो जोरात आणि खोल ओढावा लागतो. पंप वापरण्याआधी हलवायचा असतो, रोटाकॅपचे यंत्र भरल्यावर हलवायचे नसते. दोन्ही पद्धती शेजारी शेजारी छापल्या की रुग्ण दोन्हींतले अर्धे अर्धे उचलतो. रोटाकॅप दिसायला गोळीसारखी असल्यामुळे ‘रोज दोन रोटाकॅप घ्या’ असे लिहिलेले वाचून ती पाण्याबरोबर गिळणारे रुग्ण प्रत्येक छातीच्या दवाखान्यात भेटतात. तिथे क्रियापद बदलावे: ‘रोटाकॅप यंत्रात टाका’. शेवटी ‘यंत्र उघडून पाहा. पूड उरली असेल तर पुन्हा ओढा’ हे जरूर लिहावे, म्हणजे औषध गेले की नाही हे रुग्णाला स्वतःला तपासता येते. दाबाच्या पंपात ही सोय नसते. २०० दाबांचा पंप रोज चार दाब घेणाऱ्याला पन्नास दिवस पुरतो, पण नंतरही त्यातून नुसता वायू फुसफुसत राहतो आणि रुग्णाला वाटते की औषध चालू आहे. म्हणून दाब मोजणारी खिडकी नसलेल्या पंपासाठी पत्रकाच्या तळाशी ‘हा पंप सुरू केला’ आणि ‘हा पंप संपेल’ अशा दोन तारखांच्या रिकाम्या जागा ठेवाव्यात आणि त्या तुमच्यासमोर भरून घ्याव्यात.

चित्रांवर तुमचा सर्वांत अधिक वेळ खर्च व्हावा, असे मी सुचवीन. मध्यंतरी तपासणीसाठी आलेल्या एका पत्रकात रोटाकॅपचे यंत्र तोंडाला लावलेल्या बाईचे चित्र होते आणि खाली ‘पूर्ण श्वास सोडा’ असे लिहिले होते. एका आजींना ते वाचून दाखवून करायला सांगितले, तेव्हा त्यांनी यंत्र ओठांत धरले आणि पूर्ण श्वास त्या यंत्रातच सोडला. पूड ओलसर होऊन आतल्या बाजूला चिकटली. मजकुरात चूक नव्हती आणि आजींचीही नव्हती. त्यांनी चित्राचे ऐकले होते. चित्र बदलून बाईचा यंत्र धरलेला हात मांडीवर आणला आणि तोंड बाजूला वळवून श्वास सोडताना दाखवले, तेव्हा अडचण संपली. चित्रात संपूर्ण चेहरा, मान आणि हात दिसावेत. नुसते ओठ, किंवा छातीचा उभा छेद घेऊन दाखवलेली फुप्फुसे, ज्यांनी शाळेत अशी चित्रे पाहिलेली नाहीत त्यांना अवयव म्हणून ओळखूच येत नाहीत. चूक दाखवून त्यावर फुली मारण्याची पद्धतही धोक्याची आहे, कारण लक्षात चित्र राहते, फुली राहत नाही. चार चित्रे दोन ओळींत मांडली तर कोणी ती आडवी वाचतो, कोणी उभी. ती एकाखाली एक ठेवावीत आणि प्रत्येकाला मोठा आकडा द्यावा.

आणखी एक गोष्ट चित्रांविषयीच. आपल्या बहुतेक पत्रकांवर विडी ओढणारा पुरुष असतो. धूम्रपान न करणाऱ्यांमधील सीओपीडीवर पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात सविस्तर लिहिले. चुलीचा धूर, कामाच्या ठिकाणची धूळ, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग ही कारणे आता सर्वमान्य आहेत. तरीही विडीवाल्या पुरुषाचे चित्र पाहून ‘हे माझे नव्हे’ असे म्हणत बाया कागद बाजूला ठेवतात. चित्रातील व्यक्ती तुमच्या तालुक्यातील वाटली पाहिजे, तिचे लुगडे, कुंकू, घराची पडवीसुद्धा.

धाप लागल्यावर ओठ आवळून श्वास सोडण्याची पद्धत शिकवताना ‘शिट्टी वाजवतो तसे ओठ करा’ असे छापलेले आढळते. आमच्या वयाच्या बायांना ते करायला संकोच वाटतो. बशीतल्या गरम चहावर आपण हलकी फुंकर घालतो तशी फुंकर, असे सांगितले तर कोणालाही जमते. फुंकणीने चूल पेटवण्याची उपमा मात्र देऊ नये, कारण फुंकणीत जोर लावावा लागतो, आणि जोराने श्वास सोडला की या आजारात ढिल्या पडलेल्या श्वासनलिका अधिकच मिटतात. नाकाने दोन मोजेपर्यंत आत आणि ओठांतून चार मोजेपर्यंत बाहेर, एवढे या पत्रकाला पुरेसे आहे.

त्रास वाढल्याचे ओळखण्याचे पत्रक सर्वांत महत्त्वाचे, आणि सर्वांत जपून लिहायचे. हिरवा, पिवळा, लाल अशा तीन भागांची मांडणी जगभर वापरली जाते. तीत दोन अडचणी आहेत. एक म्हणजे उपकेंद्रापर्यंत पोहोचेस्तोवर तुमच्या रंगीत पत्रकाची झेरॉक्स झालेली असते आणि तिन्ही रंग करडे दिसतात. म्हणून रंग खुशाल ठेवावेत, पण अर्थ रंगावर अवलंबून ठेवू नये. मी तीन भागांना ‘रोजचा दिवस’, ‘जास्त त्रासाचा दिवस’ आणि ‘धोक्याचा दिवस’ अशी नावे देते. दुसरी अडचण अशी की ‘श्वास लागण्यात वाढ’ म्हणजे नेमके किती, हे प्रत्येकाचे वेगळे असते. इथे रुग्णाला विचारून त्याच्या स्वतःच्या कामांत लिहावे: रोज नळावरून हंडा आणता, आज वाटेत दोनदा ठेवावा लागला, रोज देवळापर्यंत न थांबता जाता, आज पारावर बसावे लागले. त्याच्या जोडीला बेडका वाढला का आणि पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला का, हे दोन प्रश्न. जास्त त्रासाच्या दिवशी कोणते औषध किती वाढवायचे आणि कधी दाखवायला यायचे, ही जागा डॉक्टरांनी हाताने भरावी. ती आधीच छापू नये.

धोक्याचा दिवस हा भाग रुग्णासाठी नसून घरच्यांसाठी असतो, आणि तो तसाच लिहावा. बोलताना वाक्य पुरे होत नाही, ओठ किंवा नखे निळसर दिसतात, पंप घेऊनही आराम नाही, माणूस बरळतो किंवा दिवसा झोपाळल्यासारखा होतो: यांपैकी एकही असले तरी १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. शेवटच्या खुणेवर विशेष भर द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. रात्रभर धापणारा माणूस पहाटे शांत पडून राहिला की घरचे म्हणतात, आता कुठे डोळा लागला, उठवू नका. प्रत्यक्षात ती रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची गुंगी असू शकते. म्हणून ‘हाक मारा. नीट उत्तर देतात का पाहा’ असे लिहावे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरविषयीही याच कागदावर एक ओळ हवी. कोविडच्या काळात घराघरांत असे ठसले की आकडा ९४ च्या खाली गेला की दवाखाना गाठायचा. गंभीर सीओपीडीच्या अनेक रुग्णांचा नेहमीचाच आकडा त्याहून कमी असतो, आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका आहे त्यांना ऑक्सिजन देताना ८८ ते ९२ हेच लक्ष्य ठेवतात. घाबरून नातेवाईक ऑक्सिजनच्या यंत्राचा काटा वाढवतात आणि त्यातून गुंगी येते. ‘तुमचा नेहमीचा आकडा’ अशी रिकामी चौकट द्या आणि ‘ऑक्सिजन डॉक्टरांनी ठरवलेल्या खुणेवरच ठेवा’ असे तिच्याखाली लिहा. ऑक्सिमीटरच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे दिसतात, एक ऑक्सिजनचा आणि एक नाडीचा, तेव्हा यंत्राचे चित्र काढून ऑक्सिजनच्या आकड्याभोवती गोल करावा. चित्रातील आकडे पडद्यावर जसे दिसतात त्याच वळणाचे असावेत, मजकुरातील देवनागरी आकड्यांप्रमाणे नकोत.

धुराच्या पत्रकात ‘धुराचा संपर्क टाळावा’ हे वाक्य काढून टाकावे. ज्या घरात सिलिंडर आहे पण पुन्हा भरायला पैसे नाहीत, तिथे ते वाक्य घरच्या बाईला उगाच दोषी ठरवते. त्याऐवजी शक्य असलेल्या गोष्टी सांगाव्यात: चूल पेटवायचे काम दुसऱ्या कोणाला द्या, ती पडवीत किंवा अंगणात हलवा, वाळलेलेच लाकूड घाला, मिरची भाजताना रुग्णाला बाहेर बसवा, अंघोळीचे पाणी तापवण्याची चूलही चूलच आहे. मशेरी भाजतानाचा धूर बहुतेक पत्रकांतून निसटतो. तो आवर्जून लिहावा. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मोफत क्रमांक मोठ्या अक्षरांत द्यावा.

अक्षराविषयी थोडक्यात: मजकूर किमान १६ पॉइंटचा असावा, ओळींत दीडपट अंतर असावे म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकणार नाही, कागद पांढरा आणि शाई काळी असावी, फोटोवर मजकूर छापू नये. मुक्तासारखा सरळ, मोकळा फॉन्ट ज्येष्ठांना वाचायला बरा पडतो. तिरपी आणि नक्षीदार वळणे नकोत.

छापण्यापूर्वीची चाचणी हा भाग कृपा करून वगळू नका. पाच-सहा रुग्ण आणि त्यांचे वाचून दाखवणारे नातेवाईक पुरतात. सहकाऱ्यांना दाखवून घेतलेला अभिप्राय ही चाचणी नव्हे, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. ‘समजले का?’ असे विचारू नये. आपल्याकडे डॉक्टरांना ‘नाही’ म्हणणे उद्धटपणाचे मानतात, त्यामुळे उत्तर नेहमी ‘हो’च येते. नातवाला कागद वाचायला द्या, आजोबांच्या हातात रिकामा पंप द्या, आणि तुम्ही गप्प बसून पाहा. तो कुठे अडखळला, त्यांनी कुठे थांबून तुमच्याकडे पाहिले, कोणते चित्र चुकीचे वाचले, हे टिपून घ्या. पंपाव्यतिरिक्तच्या पत्रकांसाठी ‘घरी गेल्यावर सुनेला हे कसे सांगाल?’ असे विचारावे. दोघांपेक्षा अधिक जण एकाच जागी अडले, तर ती ओळ बदलून पुन्हा नव्या पाच-सहा जणांना दाखवावी.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली, पावरी बोलणाऱ्या घरांत मराठी पत्रक कितीही सोपे केले तरी ते परकेच राहते. तिथे हाच मजकूर स्थानिक आशा ताईच्या आवाजात दोन मिनिटांचा ध्वनिमुद्रित करून मोबाइलवर पाठवावा आणि कागदावर फक्त चित्रे ठेवावीत. कानांसाठी लिहिलेला मजकूर ध्वनिमुद्रणाला तसाच्या तसा चालतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

तुमची बारा पानांची पुस्तिका टाकून देऊ नका. आशा ताई आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी ती चांगली आहे. नव्या पत्रकांच्या कोपऱ्यात मात्र महिना आणि वर्ष छापा. रुग्णालयाच्या औषधसाठ्यात पंपाची कंपनी किंवा यंत्राचा प्रकार बदलला की जुने चित्र त्याच दिवशी चुकीचे होते. त्यामुळे पंपाचे पत्रक एकदम हजारो छापून ठेवण्यापेक्षा तीन महिन्यांपुरते छापावे, आणि नवे यंत्र आले की औषध वाटप खिडकीवरच्या फार्मासिस्टने तुम्हाला कळवावे, अशी व्यवस्था आधीच लावून घ्यावी.